निर्ढावलेले जंतू आणि चांदीचे कण

नाशिक जिल्ह्यात सप्टेंबर-ऑक्टोबरात द्राक्षांची गोडी छाटणी सुरू झाली की पेठ-सुरगाण्याकडची मजूर कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या बागांत उतरतात. दिवसभर हातात कात्री आणि डोक्यावर तारांचे जाळे. बोटाला कात्री लागणे, तारेने कोपर खरचटणे हे या कामात नित्याचेच. बहुतेक जखमा चार-आठ दिवसांत भरून येतात. एखादी मात्र हटून बसते. कडा लाल होतात, ठणका लागतो, पू धरतो. मेडिकल दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेल्या गोळ्यांची एक पट्टी संपते, मग दुसरी. जखम आहे तशीच राहते, आणि शेवटी जिल्हा रुग्णालय गाठावे लागते तेव्हा डॉक्टर विचारतात, "आधी कोणत्या गोळ्या घेतल्या?" त्याचे उत्तर कुणापाशीच नसते.

अशा हटवादी जखमांमागे पुष्कळदा प्रतिजैविकांना दाद न देणारे जंतू असतात. भाजलेल्या रुग्णांच्या कक्षात, मधुमेह्यांच्या पायाच्या जखमांत, शस्त्रक्रियेनंतरच्या टाक्यांत ते ठाण मांडून बसतात. त्यांच्यावर नवा उपाय म्हणून धातूंच्या अतिसूक्ष्म कणांकडे, विशेषतः चांदीच्या नॅनोकणांकडे, जगभर आशेने पाहिले जात आहे. या कामात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. पुण्यात आणि अमरावतीत झालेले संशोधन या विषयातल्या सुरुवातीच्या आणि महत्त्वाच्या कामांत मोडते. म्हणून ही आशा कशावर उभी आहे, ती कुठे खरी ठरते आणि कुठे आवरती घ्यावी लागते, हे नीट समजून घ्यायला हवे.

जंतू निर्ढावतात कसे

त्वचेच्या जंतुसंसर्गातला सर्वांत परिचित आरोपी म्हणजे स्टॅफिलोकॉकस ऑरियस. सूक्ष्मदर्शकाखाली तो द्राक्षांच्या घडासारखा दिसतो आणि त्याचे ग्रीक नावही त्यावरूनच पडले आहे. सुमारे एक तृतीयांश धडधाकट माणसांच्या नाकपुड्यांत तो निमूटपणे राहत असतो. त्वचेला चीर पडली की आत शिरतो आणि गळू, केसतूड, पुवाच्या पुळ्यांपासून त्वचेखालच्या खोल दाहापर्यंत सगळे घडवू शकतो.

१९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलिन सापडले ते याच जंतूच्या ताटलीत. पेनिसिलिन जंतूची भिंत बांधणाऱ्या विकराला, म्हणजे एन्झाइमला, चिकटून त्याचे काम बंद पाडते. भिंत अर्धवट राहिलेला जंतू फुटून मरतो. परंतु १९४० चे दशक सरण्याआधीच रुग्णालयांतल्या कितीतरी स्टॅफिलोकॉकसांनी पेनिसिलिनचे तुकडे करणारे विकर कमावले होते. त्यावर उतारा म्हणून १९५९ च्या सुमारास मेथिसिलिन आले. ते तुकडे होण्यासारखे नव्हते. तरी १९६१ साली इंग्लंडमध्ये पॅट्रिशिया जेव्हन्स यांनी मेथिसिलिनलाही न जुमानणारे जंतू नोंदवले. या जंतूंनी भिंत बांधणारे विकरच बदलून टाकले होते. औषध ज्याला चिकटायचे ती जागाच आता वेगळ्या घडणीची होती. हाच तो एमआरएसए. या एका बदलामुळे पेनिसिलिनच्या कुळातली जवळजवळ सगळी औषधे एकदम निकामी होतात आणि डॉक्टरांना व्हँकोमायसिनसारख्या, शिरेवाटे द्याव्या लागणाऱ्या महागड्या औषधांकडे वळावे लागते.

एमआरएसए एकटा नाही. भाजलेल्या जखमेत हिरवट पू आणणारा स्यूडोमोनास आणि अतिदक्षता विभागात घर करणारा असिनेटोबॅक्टर हे त्याचे जोडीदार. 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासानुसार २०१९ या एका वर्षात प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जंतूंमुळे थेट १२ लाख ७० हजार माणसे दगावली. त्यांपैकी एक लाखाहून अधिक मृत्यू एकट्या एमआरएसएच्या खाती आहेत.

जखमेतल्या जंतूंचे आणखी एक बळ असते. ते सुटेसुटे राहत नाहीत. चिकट थर तयार करून त्याखाली वसाहत करतात. या थराला बायोफिल्म म्हणतात. थराच्या आत औषध पुरेसे पोहोचत नाही आणि पोहोचले तरी तिथले बरेच जंतू वाढ थांबवून स्वस्थ पडलेले असतात. वाढ होत असतानाच मारणारी औषधे त्यांच्यापुढे लंगडी पडतात. सुट्या जंतूंच्या तुलनेत बायोफिल्ममधल्या जंतूंना मारायला शेकडो पटींनी जास्त औषध लागू शकते. मधुमेह्याच्या पायाची जखम महिनोन्‌महिने वाहत राहते, त्याचे एक मोठे कारण हे आहे.

ताटलीवरचा निकाल

जखमेत नेमका कोणता जंतू आहे आणि तो कोणत्या औषधाला बधतो, हे अंदाजाने सांगता येत नाही. त्यासाठी 'कल्चर आणि सेन्सिटिव्हिटी' ही तपासणी आहे. ती एकदा जवळून पाहिली की सगळा विषय उलगडतो.

जखम सलाइनने स्वच्छ करून तिच्या तळातून निर्जंतुक बोळ्यावर नमुना घेतात. वरवरचा पू घेऊन भागत नाही, कारण त्यात त्वचेवरचे इतर जंतूही मिसळलेले असतात. प्रयोगशाळेत जंतू वाढवून, ओळखून, त्यांचा पातळ द्रव म्युलर-हिंटन अगर नावाच्या फिकट पिवळसर, थिजलेल्या खाद्यावर सारखा पसरतात. त्यावर औषधात भिजवलेल्या कागदाच्या छोट्या गोल चकत्या ठेवतात आणि ताटली उबवण यंत्रात जाते. दुसऱ्या दिवशी ताटलीभर जंतूंची दुधाळ साय धरलेली असते. जिथे औषध लागू पडले तिथे चकतीभोवती स्वच्छ, पारदर्शक वर्तुळ उमटते. तंत्रज्ञ पट्टी लावून त्याचा व्यास मोजतात. स्टॅफिलोकॉकस ऑरियससाठी सेफॉक्सिटिनची चकती लावतात. तिच्याभोवतीचे वर्तुळ २२ मिलिमीटर किंवा अधिक असेल तर जंतू साधा, २१ किंवा कमी असेल तर तो एमआरएसए. एका मिलिमीटरच्या फरकाने रुग्णाचे सगळे उपचार बदलतात.

जंतू माणसामाणसांत कसे फिरतात, याचा नाशिकला मोठा अनुभव आहे. २०१५ च्या सिंहस्थ कुंभमेळ्यात पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील संशोधकांनी गोदावरीच्या पाण्याचे नमुने नाशिकमधल्या पाच ठिकाणांहून घेऊन तपासले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात मेळ्याच्या काळात नदीतल्या जीवाणूंचा भार सुमारे १३० पटींनी वाढलेला आढळला आणि त्या वाढीव जीवाणूंचा सर्वांत मोठा उगम माणसाची त्वचा हा होता. एकाच्या अंगावरचा जंतू पाण्यातून दुसऱ्याच्या अंगावर जायला किती थोडा अवकाश लागतो, हे यावरून कळावे. २०२७ च्या सिंहस्थाच्या तोंडावर या निष्कर्षाची आठवण ठेवणे शहाणपणाचे आहे.

चांदी लहान झाली की काय होते

धातूंनी जंतू मारणे हे नाशिकच्या शेतकऱ्याला नवे नाही. द्राक्षावर डाऊनी येऊ नये म्हणून तो बोर्डो मिश्रण फवारतो. त्यात मोरचूद आणि चुना असतो, आणि मोरचुदातले तांबे बुरशीचा काटा काढते. चांदी याच कुळातली. १८८० च्या दशकात जर्मन डॉक्टर कार्ल क्रेडे यांनी नवजात बाळांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचे थेंब घालून अंधत्व आणणारा संसर्ग रोखला. १९६८ साली चार्ल्स फॉक्स यांनी सिल्व्हर सल्फाडायझिन आणले. भाजल्यावर लावायचे ते पांढरे मलम आजही घरोघरी ठाऊक आहे.

मात्र जुन्या चांदीत एक खोट आहे. जंतू मारतो तो चांदीचा आयन, म्हणजे विद्युतभार असलेला अणू. क्षाराच्या रूपात चांदी लावली की सगळे आयन एकदम सुटतात. जखमेतल्या द्रवात क्लोराइड असते, प्रथिने असतात. ती बरेचसे आयन गिळून टाकतात. मग मात्रा वाढवावी लागते, आणि मात्रा वाढली की नव्याने येणाऱ्या त्वचेच्या पेशींनाही झळ बसते.

नॅनोकण इथे उपयोगी पडतात. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. स्टॅफिलोकॉकसचा जंतू सुमारे १००० नॅनोमीटर रुंद असतो आणि उपचारात वापरायचे चांदीचे कण साधारण १० नॅनोमीटरचे, म्हणजे जंतूच्या शंभराव्या हिश्शाएवढे. अशा एका कणात चांदीचे जेमतेम तीस हजार अणू मावतात. एक सेंटिमीटर बाजूचा, साडेदहा ग्रॅम वजनाचा चांदीचा ठोकळा घ्या. त्याचा पृष्ठभाग सहा चौरस सेंटिमीटर. तोच ठोकळा १० नॅनोमीटर बाजूच्या कणांत चिरला तर एकूण पृष्ठभाग ६०० चौरस मीटर होतो, म्हणजे साडेचार कबड्डीची मैदाने भरतील इतका. चांदी तेवढीच, पण जंतूंशी संपर्क येऊ शकणारा तिचा पृष्ठभाग दहा लाख पटींनी वाढतो.

प्राणवायूच्या संपर्कात कणाच्या पृष्ठभागावरून आयन हळूहळू सुटत राहतात. म्हणजे कण हा आयनांचा साठा ठरतो. ते एका दमात संपत नाहीत, पुरवून पुरवून मिळतात. हे आयन जंतूच्या प्रथिनांतल्या गंधकयुक्त गटांना घट्ट चिकटतात. श्वसनाची विकरे बंद पडतात, पेशीपटल फाटते, आत प्राणवायूचे विध्वंसक रेणू तयार होतात आणि डीएनएचेही नुकसान होते. पेनिसिलिनचा वार एकाच जागी होतो, त्यामुळे ती एक जागा बदलून जंतू सुटू शकतो. चांदीचा वार एकाच वेळी चार-पाच ठिकाणी पडतो. तेवढ्या सगळ्या जागा एकदम बदलणे जंतूला फार जड जाते. एमआरएसएवर चांदी चालते ती याच कारणाने. मेथिसिलिनविरुद्ध त्याने केलेली तटबंदी चांदीच्या वाटेतच येत नाही.

पुण्या-अमरावतीतले काम

चांदीचे नॅनोकण बनवण्याच्या रासायनिक रीती जुन्या आहेत. त्या कामी सजीवांना लावण्याचा एक मोठा टप्पा पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत गाठला गेला. मुरली शास्त्री, अबसार अहमद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये व्हर्टिसिलियम या बुरशीकडून चांदीचे नॅनोकण करून घेतले. ते बुरशीच्या पेशीतच अडकून राहत होते. २००३ मध्ये त्यांनी फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम वापरून कण पेशीबाहेर, द्रवातच तयार करून दाखवले. पिकांवर मर रोग आणणारी हीच ती बुरशी. कण बाहेर मिळाल्याने ते वेगळे काढणे सोपे झाले.

यातली मूळ क्रिया आज महाराष्ट्रातल्या अनेक महाविद्यालयांत विद्यार्थी करून पाहतात. कडुलिंबाच्या किंवा तुळशीच्या पानांचा अर्क काढायचा आणि तो सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यासारख्या रंगहीन द्रावणात घालायचा. थोड्या वेळाने द्रावण पिवळसर होते, मग गडद तपकिरी. पानांतली द्रव्ये चांदीच्या आयनांना इलेक्ट्रॉन देतात, आयनांचे अणू होतात, अणू एकत्र येऊन कण होतात. तयार झालेले कण निळसर प्रकाश शोषतात म्हणून द्रावणाला तो रंग चढतो. चांदीचा चकचकीतपणा तिथे कुठेच नसतो. पण तपकिरी रंग येणे म्हणजे औषध तयार होणे नव्हे. कणांचा आकार सारखा हवा, ते एकमेकांना चिकटून गोळे होता कामा नयेत आणि प्रत्येक वेळी तसेच्या तसे बनायला हवेत. प्रयोगशाळेतून दवाखान्यापर्यंतची खरी चढण इथून पुढे असते.

ही चढण मोजूनमापून चढण्याचे काम पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेत झाले. शं. पु. आघारकर यांनी १९४६ साली उभ्या केलेल्या या संस्थेत किशोर पाकणीकर, ज्युतिका राजवाडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७ ते २० नॅनोमीटर आकाराच्या चांदीच्या कणांचे त्वचेवर लावायचे जेल तयार केले. त्याचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यातली काही निरीक्षणे सामान्य वाचकानेही लक्षात ठेवावीत अशी आहेत.

अनेक प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जंतूंची वाढ रोखायला मिलिलिटरमागे ०.७८ ते ६.२५ मायक्रोग्रॅम चांदी पुरली. माणसाच्या यकृतपेशींच्या वसाहतीवर अर्धा परिणाम घडवायला सुमारे २५० मायक्रोग्रॅम लागले. औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत जितके अंतर जास्त तितके औषध निर्धोक. इथे ते अंतर चाळीस पटींहून अधिक होते. दुसरे, बाजारातल्या सिल्व्हर सल्फाडायझिनच्या तोडीचा परिणाम या जेलने तिसाव्या हिश्शाएवढ्या चांदीत दिला. एक टक्क्याच्या त्या पांढऱ्या मलमात ग्रॅममागे सुमारे तीन मिलिग्रॅम चांदी असते, हे लक्षात घेतले की ही बचत किती मोठी आहे ते कळते.

याच अभ्यासाने चांदीच्या मर्यादाही दाखवल्या. स्यूडोमोनाससारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंची संख्या हजारपटींनी खाली आणायला ५ ते ९ तास लागले, तर स्टॅफिलोकॉकससारख्या जाड भिंतीच्या ग्रॅम-पॉझिटिव्ह जंतूंना १२ तास. कणांशी थोडा वेळ संपर्क आल्यावर स्यूडोमोनासची वाढ साडेदहा तास दबून राहिली, स्टॅफिलोकॉकसची मात्र तासाभरानेच पुन्हा सुरू झाली. जेलच का हवे, याचे उत्तर यात आहे. औषध जखमेवर टिकून राहायला हवे आणि कण सावकाश मिळत राहायला हवेत. सेफ्टाझिडिम या प्रतिजैविकाबरोबर चांदी दिली तेव्हा दोघांचा परिणाम बेरजेहून अधिक झाला, क्लोरॅम्फेनिकॉलबरोबर दिली तेव्हा परिणाम उलट घटला. म्हणजे मनाला येईल ती दोन मलमे एकत्र चोपडणे नुकसानीचे ठरू शकते.

अमरावतीच्या संत गाडगेबाबा विद्यापीठात महेंद्र राय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीही बुरशीपासून कण बनवण्यावर आणि ते जंतूंवर तपासण्यावर दीर्घकाळ काम केले. चांदीच्या नॅनोकणांना नव्या पिढीची जंतुनाशके म्हणून मांडणारा त्यांचा २००९ चा आढावालेख जगभरातले संशोधक आजही संदर्भासाठी उघडतात.

मारायचे, की नुसते नि:शस्त्र करायचे

नॅनोकण म्हणजे फक्त चांदी नव्हे. न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइन्स्टाइन वैद्यक महाविद्यालयातील संशोधकांनी २००९ मध्ये नायट्रिक ऑक्साइड वायू सावकाश सोडणारे कण बनवले आणि उंदरांच्या त्वचेवरच्या एमआरएसएच्या जखमा त्यांनी लवकर भरून आल्या. झिंक ऑक्साइड, तांबे, खेकडा-कोळंबीच्या कवचापासून मिळणारे कायटोसन यांचे कणही तपासले जात आहेत.

यांतली सर्वांत वेगळी वाट कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेत लियांगफांग झांग यांच्या गटाने २०१३ मध्ये दाखवली. एमआरएसए आपल्या पेशींना भोके पाडणारे विष सोडतो. झांग यांनी सुमारे ८५ नॅनोमीटरच्या कणांवर लाल रक्तपेशींचे पटल चढवले. विष या कणांनाच पेशी समजून त्यांत रुतून बसते आणि निकामी होते. संशोधकांनी त्यांना नॅनोस्पंज म्हटले. विषाची जीवघेणी मात्रा देण्याआधी हे कण टोचलेल्या उंदरांपैकी ८९ टक्के जगले, नंतर टोचलेल्यांपैकी ४४ टक्के. जंतूला न मारता त्याचे हत्यार काढून घेण्याचा हा मार्ग आहे. मरणाचा दाब नसेल तर निर्ढावण्याची निकडही कमी होते, असा त्यामागचा विचार. दवाखान्यात पोहोचायला त्याला अजून बराच पल्ला गाठायचा आहे.

चांदीलाही पुरून उरणारे

जंतू चांदीला कधीच निर्ढावणार नाहीत, असे सांगणारी जाहिरात दिसली तर तिच्यावर विश्वास ठेवू नका. अमेरिकेत बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात भाजलेल्या रुग्णांच्या कक्षात सिल्व्हर नायट्रेट सर्रास वापरले जात असे. तिथे चांदीला न जुमानणारा साल्मोनेला १९७५ मध्ये नोंदवला गेला. पुणे विद्यापीठातील देशपांडे आणि चोपडे या जोडीने १९९४ साली असिनेटोबॅक्टरमध्ये चांदीविरुद्धची प्रतिकारशक्ती प्लाझ्मिडवर असल्याचे दाखवून दिले. प्लाझ्मिड म्हणजे डीएनएचे छोटे वर्तुळ. जंतू ते एकमेकांना सहज देऊ शकतात, म्हणून हा शोध गंभीर होता.

नॅनोकणांबाबतचा इशारा २०१८ मध्ये चेक प्रजासत्ताकातल्या ओलोमोउत्स येथील पालात्स्की विद्यापीठातून आला. अलेश पानाचेक यांच्या गटाने ई. कोलाय आणि स्यूडोमोनास यांना वारंवार थोडथोड्या चांदीच्या कणांत वाढवले. काही पिढ्यांनंतर ते जंतू फ्लॅजेलिन हे प्रथिन भरपूर सोडू लागले. त्याने चांदीचे कण एकमेकांना चिकटून गोळे झाले आणि त्यांची ताकद गेली. आणि यावर संशोधकांना उतारा सापडला तो डाळिंबाच्या सालीच्या अर्कात. हा अर्क फ्लॅजेलिन तयार होणे रोखतो आणि चांदी पुन्हा लागू पडते. कसमादे पट्ट्यात, म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव, देवळ्याकडे, डाळिंब पिकवणाऱ्या शेतकऱ्याला या शोधाचे अप्रूप वाटेल. मात्र हा प्रयोगशाळेतला निष्कर्ष आहे. जखमेवर डाळिंबाची साल उगाळून लावावी, असा त्याचा अर्थ नाही.

त्याच डाळिंबाच्या बागेत दुसरा धडाही आहे. तेल्या रोगावर वर्षानुवर्षे स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन या माणसांच्या प्रतिजैविकांचे मिश्रण फवारले गेले. हा वापर बंद करण्याच्या दिशेने केंद्रीय कृषी मंत्रालयाने २०२१ साली पाऊल उचलले. शेतात, पोल्ट्रीत, दवाखान्यात आणि घरात आपण जे औषध वारेमाप वापरले, ते सगळीकडेच बोथट झाले. चांदीच्या कणांची तीच गत करायची नसेल तर मोजे, टूथपेस्ट, पाण्याच्या बाटल्या यांत 'नॅनो सिल्व्हर' घालून विकण्याचा सोस आवरायला हवा. तिथून धुऊन निघणारी चांदी थोड्या मात्रेत सांडपाण्यात आणि पुढे गोदावरीत जाते. थोडी थोडी, सतत मिळणारी मात्रा हेच जंतूंना शिकवण्याचे उत्तम साधन आहे.

दवाखान्यातले वास्तव

नॅनो चांदीची जेल आणि ड्रेसिंग आज भारतात मिळतात आणि डॉक्टर त्यांचा वापर करतात. पण पुरावा काय सांगतो? जखमेचा संसर्ग टाळण्यासाठी चांदीच्या ड्रेसिंगांचा उपयोग होतो का, हे पाहण्यासाठी कॉक्रेन या संस्थेने २०१० साली २६ चाचण्यांचा आढावा घेतला. त्यातून चांदीच्या बाजूने ठाम निष्कर्ष काढता आला नाही. अर्धवट खोलीच्या भाजण्यावर सिल्व्हर सल्फाडायझिनने जखम भरण्याचा वेग उलट मंदावतो, असेही आढळले. नॅनोकणांची जेल त्याहून सरस असण्याची शास्त्रीय कारणे भक्कम आहेत, तरी मोठ्या आणि काटेकोर चाचण्यांतून ते सिद्ध करत राहावे लागेल.

दुसरी मर्यादा जागेची आहे. जेल जखमेपुरते काम करते. जंतू रक्तात उतरला, ताप आणि हुडहुडी भरली, लाली जखमेच्या पलीकडे वर चढू लागली, तर तिथे बाहेरून लावायच्या औषधाचा उपयोग नाही, प्रतिजैविकच लागते. गळवात पू साचला असेल तर आधी चीर देऊन तो काढावा लागतो. मधुमेह्याच्या जखमेतले मेलेले मांस खरवडून काढावे लागते, पायावरचा भार कमी करावा लागतो, साखर आटोक्यात आणावी लागते. हे सगळे केल्यावर चांदी उरलेल्या बायोफिल्मवर मदतीला येते. हे न करता वरून महागडे जेल लावणे व्यर्थ आहे.

आणि चांदी पोटात घेण्याचा तर विचारही करू नये. 'कोलॉइडल सिल्व्हर'चे पेय अनेक रोगांवर गुणकारी म्हणून विकले जाते. १९९९ मध्येच अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशी उत्पादने सुरक्षित आणि परिणामकारक मानता येत नाहीत, असा निर्णय दिला. सतत चांदी घेतली तर ती त्वचेत साठून कातडी कायमची निळसर-करडी पडते. ती पुन्हा पूर्ववत होत नाही.

आपल्या हातातले

या सगळ्यातून माझे मत ठाम झाले आहे. चांदीचे नॅनोकण हे जंतूंविरुद्धचे खरे आणि उपयोगी हत्यार आहे, आणि त्याची धार टिकवणे आपल्याच हाती आहे. प्रतिजैविकांच्या बाबतीत ते आपल्याला साधले नाही. भारतात २०१४ पासून अनेक महत्त्वाची प्रतिजैविके 'एच-वन' अनुसूचीत आहेत. चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत आणि दुकानदाराला विक्रीची नोंद ठेवावी लागते. २०१६ पासून पट्टीवरच्या लाल रेघेचा अर्थ लोकांना समजावण्याची मोहीमही झाली. तरी तालुक्याच्या गावी गोळ्यांची अर्धी पट्टी कात्रीने कापून मिळतेच.

राज्यभरातली वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, होमिओपॅथी आणि परिचर्या महाविद्यालये ज्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी जोडलेली आहेत, त्याचे मुख्यालय १९९८ पासून नाशिकलाच आहे. डॉक्टर आणि परिचारिका घडवणाऱ्या या व्यवस्थेने जखमेची निगा आणि औषधांचा संयमी वापर यांना अभ्यासक्रमात भरीव जागा द्यावी, आणि ग्रामीण रुग्णालयांत कल्चरची तपासणी वेळेत आणि परवडेल अशा दरात मिळावी, एवढी मागणी नाशिककरांनी जरूर लावून धरावी.

वाचकांना एवढेच सांगणे. जखम झाली की ती आधी स्वच्छ वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवा. आठवड्यात भरण्याची चिन्हे दिसली नाहीत, लाली पसरली किंवा ताप आला तर दुकानात न जाता डॉक्टरांकडे जा. मधुमेह असेल तर पायाच्या बारीकशा जखमेसाठीही त्याच दिवशी जा. आधी घेतलेल्या गोळ्यांची रिकामी पट्टी बरोबर न्या. आणि औषध बदलण्याची वेळ आली तर न संकोचता विचारा, "डॉक्टर, कल्चर करून घेऊ या का?"